आडनाव कडू, अक्षर 'ढ': मुलीचं नाव काय ठेवावं?

प्रश्न थोडक्यात असा: कांदिवलीत राहणारं जोडपं, मुलगी तीन आठवड्यांची, आडनाव कडू. नक्षत्र पूर्वाषाढा, चरण चौथा, म्हणून पत्रिकेत अक्षर आलंय 'ढ'. बारसं सव्वा महिन्यावर ठेवलंय. आजीला 'उमा' हवंय, आत्याने 'धृती' सुचवलंय, आईबाबांच्या यादीत धारा, भूमी, धनश्री, फाल्गुनी आणि भार्गवी. वडिलांना शाळेत आडनावावरून खूप चिडवलं गेलं. मुलीला शाळेत कुणी नावावरून पिडू नये, एवढंच दोघांचं म्हणणं.

आधी 'ढ' बाजूला काढू, कारण घरात सगळ्यात जास्त ताण त्याचाच असणार. 27 नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणून 108 अक्षरं. त्यांत ङ, ञ, ण हीसुद्धा आहेत आणि त्यांच्यावरून मराठीत कुठलंच नाव सुरू होत नाही. म्हणजे प्रत्येक बाळाला चरणाच्याच अक्षराने हाक मारायची, असा आग्रह मुळात नव्हताच. नामकरणाच्या विधीत नावं चार प्रकारची सांगितली आहेत: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहारातलं. नक्षत्राचं नाव पत्रिकेत राहतं, जगाला कळतं ते व्यवहाराचं. 'ढ'वरून एखादं नाव पत्रिकेत लिहून घ्या आणि मोकळे व्हा. राशीचं तरी अक्षर हवंच असेल, तर धनु राशीला ये, यो, भा, भी, भू, धा, फा, ढा, भे अशी नऊ अक्षरं आहेत. तुमची यादी बहुधा तिथूनच आलेली दिसते. मराठी शाळेत 'ढ' या अक्षराला जो अर्थ आहे, तो पाहता त्यावरून हाकेचं नाव ठेवू नका. इथे दुसरं मत नाही.

आता उमा. दोन अक्षरांचं, जोडाक्षर नसलेलं, देशात कुठेही बरोबर उच्चारलं जाणारं नाव. नावात खोट नाही, खोट जोडणीत आहे. हजेरी घेताना बाई नाव आणि आडनाव यांच्यामध्ये थांबत नाहीत. भरभर म्हणून बघा: उमाकडू. मधलं 'माकड' तिसरीतल्या पोराला पहिल्याच दिवशी सापडेल. मोठी माणसं शब्द वाचतात, मुलं आवाज ऐकतात. म्हणूनच आईवडिलांच्या नजरेतून हे हमखास सुटतं. तुमच्या आडनावाला 'मा'ने संपणारं एकही नाव चालणार नाही: रमा, सीमा, प्रतिमा, पौर्णिमा सगळी बाद. 'का'ने संपणारी नावंही टाळा. भूमिका कडू म्हटलं की 'काकडू' ऐकू येतं, ते माकडाइतकं वाईट नाही, पण ऐकू येतं.

हीच तपासणी इतरांनीही आपापल्या आडनावावर करावी. कागदावर आडनावाची पहिली दोन अक्षरं लिहा आणि त्यांच्या आधी प्रत्येक उमेदवार नावाचं शेवटचं अक्षर जोडून वाचा. विशाखा जगताप यात 'खाज' आहे. दुर्गा ढवळे यात अख्खं 'गाढव' आहे. स्नेहा गुरव यात काय आहे, ते चौथीच्या वर्गाला समजावून सांगावं लागत नाही. दहा नावांना पाच मिनिटं पुरतात, आणि एवढ्याशा वेळात सगळ्यात मोठा धोका निघून जातो.

आडनावाशी दुसरी टक्कर अर्थाची. कांचन पितळे, प्रकाश अंधारे, शुभ्रा काळे, शीतल आगलावे, विशाल लहाने. यांतलं एकही नाव वाईट नाही, एकही आडनाव वाईट नाही, पण शेजारी बसले की विनोद आपोआप तयार होतो आणि तो आयुष्यभर प्रत्येक नव्या ओळखीच्या वेळी होतो. तुमच्याकडे मधुरा, माधुरी, अमृता ही नावं यादीत नाहीत हे बरंच झालं. आडनाव कडू असेल तर नाव चवीपासून लांब ठेवावं.

चिडवणं वयाप्रमाणे बदलतं, हे लक्षात घेतलं की कुठल्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचं ते कळतं. बालवाडीत चिडवणं फारसं नसतं, तिथे उच्चार बिघडतो. 'र' आणि जोडाक्षरं मुलांच्या तोंडात उशिरा बसतात, त्यामुळे मूल स्वतःचंच नाव वर्ष-दोन वर्षं वेगळं सांगतं आणि ते वेगळं रूप कधी कधी चिकटून राहतं. पहिली ते चौथी हा यमकांचा काळ: विहानचा विमान, मिहिरचा बहिरा, वेदांतचा वेडांत. पाचवीनंतर शरीर, घाणेरडे शब्द आणि आडनावं येतात. मुलग्यांमध्ये याच वयात एकमेकांना बापाच्या नावाने हाक मारायची रीत सुरू होते. मुंबईतल्या चाळीत काय आणि टॉवरमध्ये काय, ती चुकत नाही आणि त्यावर कोणताही उपाय नाही. आठवीच्या पुढे इंग्रजी आणि हिंदी अर्थ शोधले जातात, तेव्हा रोमन स्पेलिंग कामाला येतं.

यमकांपेक्षाही मराठीत खरं हत्यार आहे ते 'या' आणि 'ई' या दोन प्रत्ययांचं. मुलग्याच्या नावाचं पहिलं दीड-दोन अक्षरांचं टोक मोडायचं आणि 'या' लावायचा: महेशचा मह्या, ओंकारचा ओम्या, चिन्मयचा चिन्या. मुलीला 'ई': संगीताची संगी, कल्पनाची कल्पी. हा प्रत्यय कुणी मुद्दाम चिडवायला लावत नाही, दोस्तीतही लावतात, म्हणून तो टाळता येत नाही. नाव निवडताना एकच बघायचं की प्रत्यय लागल्यावर दुसराच शब्द तर होत नाही ना. वेदचा वेद्या लगेच वेड्या होतो. पद्मनाभचा पद्या होतो आणि पद्याला एक काना लागायला कितीसा वेळ लागतो! धवलचा ढवळ्या झाला की पवळ्या शोधायला कुणीतरी निघतंच. अर्जुनाच्या धनुष्याचं नाव कितीही तेजस्वी असलं तरी मुंबईत ते मुलाला ठेवू नये, याचं कारण मी लिहीत बसत नाही.

तुमच्या यादीतल्या नावांचा हिशेब असा.

धृती: अर्थ उत्तम, धैर्य. अडचण 'ऋ'ची. मराठी माणूस 'ध्रु' म्हणतो, हिंदी माणूस 'ध्रि'. मग स्पेलिंग कोणतंही ठेवलं तरी निम्मी मुंबई चुकीचं वाचते. मृणाल, ऋतुजा, हृषीकेश यांचीही हीच तऱ्हा. त्यातून धृतीचं 'ध्रि'वालं स्पेलिंग इंग्रजी माध्यमातल्या मुलांना 'डर्टी'च्या फार जवळ वाटतं. आत्याला वाईट वाटेल, पण हे सोडा.

धारा: मुंबईत राहता, तेव्हा 'धारावी' होणारच. त्यात अपमान काही नाही, पण रोज ऐकावं लागेल. आडनावाशी जोडणी मात्र स्वच्छ आहे.

भूमी: पहिलं अक्षर दोनदा म्हटलं की कुत्रा भुंकतो. तीन-चार वर्षं चालेल, मग विरेल. मध्यम धोका.

धनश्री: मराठी कानाला जुनं, भारदस्त. हिंदी बोलणाऱ्या मुलांमध्ये त्याचं 'धन्नो' होतं, आणि 1975च्या शोलेतल्या टांग्याच्या घोडीचं ते नाव न पाहिलेल्या पिढीलाही ठाऊक आहे.

फाल्गुनी: गुजराती शेजारात रुळलेलं नाव. पण लघुरूप 'फालू', आणि तिथून 'फालतू' एका पावलावर. मुंबईत 'फ'चा उच्चार बहुतेक जण ओठ-दातांनी इंग्रजीसारखा करतात, तेही ऐकायची तयारी ठेवा.

भार्गवी: माझं मत याच नावाला. भृगूची कन्या म्हणून लक्ष्मीचं नाव, आणि अमरकोशात दूर्वेलाही भार्गवी म्हटलंय. मराठी, गुजराती, हिंदी आणि दक्षिणेकडच्या भाषांत उच्चार जवळपास तोच. रोमन स्पेलिंग एकच शक्य आहे. यमक जुळवायला कठीण. दोष दोन. घाईत म्हणणारे मधले 'र' आणि 'व' गाळून 'भागी' करतील आणि हिंदीत 'भागी' म्हणजे पळाली. त्यामुळे लघुरूप लोकांवर सोपवू नका, पहिल्या महिन्यापासून घरात 'भार्गू' किंवा तुम्हाला आवडेल ते एकच चालू ठेवा. दुसरा दोष शोधूनच काढावा लागतो: 'वी' आणि 'क' जोडले की 'वीक' होतं. हा विनोद सुचायला मुलांना बरीच वर्षं लागतील आणि सुचला तरी तो फुसका आहे. सगळ्या चाळण्यांतून शंभर टक्के पार होणारं नाव नसतं. फुसका विनोद निघणारं नाव मिळालं की ते पास.

आजीच्या उमाचं काय, तर ते पाळण्यात ठेवा. बारशाला कुलदेवतेचं नाव म्हणून आजीनेच बाळाच्या कानात उमा सांगावं आणि व्यवहाराचं नाव आत्याने. आजीचा मानही राहतो आणि दाखल्यावर 'उमा कडू' येत नाही.

रोमन लिपीचं थोडं सविस्तर, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांना हे दिसत नाही. मुलीच्या वहीवर, ओळखपत्रावर, पुढे ईमेलवर नाव रोमनमध्ये असणार. हर्षित, अक्षित, रक्षित यांची शेवटची चार रोमन अक्षरं वेगळी वाचून बघा. अनल म्हणजे अग्नी, पण रोमनमध्ये वाचला तर तो वैद्यकाच्या पुस्तकात जातो. दीक्षा, हार्दिक यांचंही तसंच आहे. ही नावं भारतात सर्रास चालतात आणि चालावीत, पण शिक्षण-नोकरीसाठी बाहेर जाण्याची शक्यता धरत असाल तर माहीत असलेलं बरं. 'ज्ञ' असलेल्या नावाचं मराठी स्पेलिंग महाराष्ट्राबाहेर कुणालाच वाचता येत नाही. अंकशास्त्रवाल्याने सांगितलं म्हणून जादा 'ए' किंवा 'आर' घालण्याचा प्रकार तर सगळ्यात खर्चिक. दर फॉर्मवर, दर काउंटरवर स्पेलिंग सांगत बसावं लागतं आणि एखाद्या कागदपत्रात एक अक्षर कमी पडतंच. जे सगळ्यात कमी अक्षरांत बरोबर वाचलं जातं, ते स्पेलिंग.

मुंबईत परीक्षा एका भाषेची घेऊन भागत नाही. स्वरा हे मराठीत सुरेख, हिंदी मुलांच्या घाईत त्याचं 'सुअर' होतं. मृगाचं मुर्गा होतं. म्हणून ही चाचणी करा. नाव आणि आडनाव रोमनमध्ये लिहून वेगवेगळ्या मातृभाषेच्या पाच ओळखीच्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि व्हॉइस नोटमध्ये वाचून मागा. उच्चार आधी सांगायचा नाही. पाचांपैकी चौघांनी बरोबर वाचलं तर स्पेलिंग ठीक. मग इमारतीतली आठ ते बारा वर्षांची दोन-तीन मुलं गाठा आणि सरळ विचारा, 'या नावाच्या मुलीला चिडवायचं असेल तर काय म्हणाल?' एका वेळी तीनच नावं द्या, नाहीतर खेळ होतो. दहा मिनिटांत जे बाहेर येईल ते कुठलंही संकेतस्थळ सांगणार नाही. खाऊ द्यायला विसरू नका. शेवटी गॅलरीतून किंवा खिडकीतून नाव दहा वेळा मोठ्याने हाकारा. चार अक्षरांचं नाव तिसऱ्या हाकेला आपोआप दोन अक्षरांवर येतं. जे उरतं तेच तिचं खरं नाव होणार.

इंटरनेटवरच्या अर्थांच्या याद्यांवर विसंबू नका. 'आरव'चा अर्थ तिथे शांत असा देतात. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा. 'अनय' म्हणजे दुर्वर्तन, अनीती. मोठं झालेलं मूल कोश उघडतं तेव्हा पंचाईत होते. संस्कृत नावासाठी वामन शिवराम आपट्यांचा कोश आणि मराठी छटांसाठी मोल्सवर्थ, दोन्ही इंटरनेटवर मोफत शोधता येतात. तिथे शब्द सापडलाच नाही, तर नाव बनवलेलं आहे असं समजा. बनवलेलं नाव ठेवायला हरकत नाही, फक्त त्याचा अर्थ छातीठोकपणे सांगू नका.

सुरक्षित म्हणून अगदी प्रचलित नाव निवडावं का? हा उपाय उलटतो. वर्गात तीन आर्यन असले की मुलं त्यांना वेगळं करण्यासाठी विशेषणं लावतात: लंबू आर्यन, जाड्या आर्यन, चष्मिष आर्यन. चिडवायला नाव पुरत नाही म्हटल्यावर शरीर येतं. तुमच्या इमारतीत आणि ज्या शाळेत घालायचा विचार आहे तिथल्या बालवाडीत कोणती नावं तीनतीनदा येतात, तेवढं विचारून घ्या.

आणि ज्या नावाकडे कुणाचंच लक्ष नसतं ते घरचं. दाखल्यावर भार्गवी असेल, पण शाळेच्या बसपाशी आजोबा 'ए ठमे' म्हणून ओरडले की वर्गात पुढची सहा वर्षं ठमीच. पूर्वी मुलं जगावीत म्हणून दगडू, धोंडू, केरू, भिकू अशी नावं ठेवत, त्यामागे नजर लागू नये ही भीती होती. मुलगी नको म्हणून ठेवलेल्या 'नकुशा'मागे तीही सबब नव्हती, आणि 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावं द्यावी लागली. आजच्या बबड्या-ठम्या-पिल्लूमध्ये लाडच आहे. तो उंबऱ्याच्या आत ठेवा. मूल साधारण अडीच वर्षांचं झालं की घराबाहेर फक्त खरं नाव किंवा ठरवलेलं लघुरूप, असा नियम आजी-आजोबांनाही लागू करा.

काही गोष्टी मात्र कुणाच्याच हातात नसतात. 2010 साली हिंदी चित्रपटांतल्या दोन गाण्यांनी मुन्नी आणि शीला नावाच्या बायकांना वर्षभर हैराण केलं. 2020 मध्ये करुणा नावाच्या बाईंना रोज 'करोना' ऐकावं लागलं. डोरेमॉनमुळे कियान आणि रियान यांचा दांडगट जियान होतो. हे आधी कळणं शक्य नाही, म्हणून त्याचा शोधही घेऊ नका. जोडणी, अर्थ, प्रत्यय, स्पेलिंग, दुसऱ्या भाषा एवढं बघून झालं की थांबा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त यादी फिरवली की प्रत्येक नाव वाईट वाटायला लागतं.

आडनावाबद्दल खरं तेच सांगतो. नाव कोणतंही ठेवा, 'कडू कारले, तुपात तळले, साखरेत घोळले' ही म्हण मराठीच्या तासाला येणार आणि सगळा वर्ग तिच्याकडे बघणार. ती वेळ येण्याआधी, पहिली-दुसरीतच, ही म्हण घरात तुम्हीच तिला हसत शिकवा. बाहेर पहिल्यांदा ऐकलेली गोष्ट बोचते, घरात शंभरदा ऐकलेली बोचत नाही. कुणी कारलं म्हटलं तर दोन शब्दांचं थंड उत्तर तयार ठेवा, 'माहितेय' किंवा 'जुनं झालं'. रडणं आणि चिडणं या दोन्हींनी खेळ लांबतो. पहिल्याच तक्रारीला शाळेत धावू नका. मूल शाळेत जायला टाळायला लागलं, डबा परत यायला लागला, किंवा आडनावावरून जात काढली गेली, तर त्याच दिवशी वर्गशिक्षिकेला भेटा. जातीवरून बोलणं ही थट्टा नव्हे, आणि तक्रार लेखी द्यावी.

आता कागदपत्रं, कारण घाई इथेच होते. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण त्या नोंदीत बाळाचं नाव असलंच पाहिजे असं नाही. रुग्णालयात डिस्चार्जच्या गडबडीत नाव विचारतात तेव्हा रकाना रिकामा ठेवा. तुमची नोंद नावाशिवाय झाली असेल तर उत्तमच. नोंदणीपासून 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मुंबईत हे काम महापालिकेच्या विभाग कार्यालयातल्या आरोग्य खात्यात होतं. एकदा घातलेलं नाव बदलणं मात्र वेगळंच प्रकरण आहे: अक्षराची चूक दुरुस्त होते, मन बदललं म्हणून नाव सहज बदलत नाही. मग राजपत्रात नावबदलाची जाहिरात, त्यानंतर आधार, शाळा, पासपोर्ट अशी रांग. शाळेच्या नोंदीतलं नाव बदलायचं तर मूल त्या शाळेत असतानाच, शाळेमार्फत शिक्षण खात्याकडे प्रस्ताव पाठवून. शाळा सोडल्यावर ते जवळजवळ बंद होतं. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच सगळीकडे चालतो, त्यामुळे त्यावरचं अक्षर न अक्षर पुढे नेलं जातं.

एक नवा मुद्दा आद्याक्षरांचा. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. म्हणजे आद्याक्षरं तीनऐवजी चार. मुलगा मिहिर, आई अर्चना, वडील दिनेश असतील तर पहिल्या तीन रोमन अक्षरांत 'मॅड' निघतं. क्रम बदलता येत नाही, बदलायचं ते बाळाचंच नाव. तुमच्या दोघांची आद्याक्षरं मध्ये घालून एकदा लिहून बघा, मिनिटभराचं काम आहे. हे सगळ्यात कमी महत्त्वाचं, म्हणून शेवटी.

अर्जावर नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत स्वतः लिहा, कारकुनाला सांगून लिहवू नका. तो 'भार्गवी'तला रफार चुकवू शकतो आणि रोमनमध्ये 'बी'नंतरचा 'एच' गाळू शकतो. दाखला हातात आला की खिडकी न सोडता चारही नावं अक्षर लावून वाचा, आणि चूक दिसली तर तिथेच परत द्या.